डाव्या खणाचा कोपरा

गोखिवऱ्याच्या त्या सोसायटीत श्रीरंग चुरींचं घर शोधायला पाटी वाचावी लागत नसे. दुसऱ्या मजल्यावर पाऊल टाकलं की नाकच वाट दाखवी. लोकर, डांबराच्या गोळ्या आणि वाळवलेला कडुनिंब यांचा मिळून एक वास जिन्यातच गाठायचा. समोरच्या फ्लॅटमध्ये पिंकी नावाची सून नवी नवी राहायला आली, तेव्हा तिनं विचारलं होतं, "काकी, तुमच्याकडे घोडा होता का हो?"

मनोरमाबाई म्हणाल्या, "घोडा असता तर बरं होतं गं, सकाळी बाहेर तरी गेला असता. आमच्याकडे नुसती खोगीरभरती आहे."

बाईंचं काही चुकत नव्हतं. त्या एवढ्याशा घरातली एक खोली पडश्यांनी गिळली होती. पडशी म्हणजे जनावराच्या पाठीवर आडवी टाकायची हातविणीची जोडपिशवी. मधला पट्टा पाठीवर बसतो आणि दोन्ही अंगांना एकेक खण लोंबतो. धनगरांच्या घोड्यांवरच्या, लमाणांच्या बैलांवरच्या, कच्छच्या रबाऱ्यांच्या उंटांवरच्या, अशा नाना तऱ्हेच्या जुन्या पडश्या श्रीरंगभाऊंनी जन्मभर गोळा केल्या होत्या. भिंतीवर होत्या, पलंगाखाली होत्या, लोखंडी कपाटात होत्या. मुलगा-सून सणाला आले की त्यांनी हॉलमध्ये झोपायचं. पडश्यांची झोपमोड करायची नाही, असा घरचा कायदा होता.

श्रीरंगभाऊ वसई डेपोला एसटीत कंडक्टर होते. दुसरे कंडक्टर वस्तीची गाडी टाळायला सबबी शोधायचे, हे मागून घ्यायचे. गाडी मुक्कामाला लागली की ड्रायव्हर शांताराम मागच्या सीटवर आडवा होई आणि हे गावात फिरायला निघत. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या माळ्यावर, उंदरांनी कुरतडलेली एखादी पडशी त्यांना हटकून सापडे. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात लोक घोड्याचे दात बघायचे, हे पाठ बघायचे. शांताराम म्हणायचा, "चुरी, एक दिवस तू घोड्यालासुद्धा हाफ तिकीट फाडशील."

त्यांच्याकडे लमाणांची एक गोण होती. वसईच्या मिठागरांतून मीठ भरून ती बैलाच्या पाठीवर घाट चढायची म्हणे. पावसाळ्यात अजून ती हाताला ओलसर लागायची, इतकं मीठ तिच्यात मुरलेलं. ही गोष्ट ते आल्यागेल्याला सांगत. पाहुण्याचा हात धरून गोणीवर ठेवत आणि त्याचं तोंड बघत बसत. पाहुणा बिचारा काहीतरी कळल्यासारखं करी.

पण सगळ्यांत वरची जागा होती ती एका काळ्या-करड्या पडशीची. तांबड्या पट्ट्यांची, डोळ्यासारख्या नक्षीची. ती त्यांनी कुठून आणली नव्हती. ती त्यांच्याकडे चालत आली होती.

चुरींची वाडी वसईतल्या होळी गावात. केळी, पानवेल, सोनचाफा. दिवाळीनंतर भाताची कापणी उरकली की पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरत, आणि त्यातलं एक बिऱ्हाड दर साल चुरींच्या शेतात मेंढरं बसवी. शेताला खत मिळे, त्यांना धान्य मिळे. त्या बिऱ्हाडातली धोंडाबाई माहेरची विणकराची. बाकीच्या बाया चालता चालता सूत कातायच्या, पण ही मुक्काम पडला की बांधाशी चार खुंट्या ठोकून जमिनीवरच माग मांडायची. लहानगा श्रीरंग शाळा सुटली की तिच्यापाशी जाऊन बसायचा. पडशीचा नाद लागला तो तिथं. ती काळी-करडी पडशी तिनं श्रीरंगच्या डोळ्यांदेखत विणली होती.

पुढं श्रीरंग एसटीत लागला. त्याच सुमारास एका हिवाळ्यात तो ट्रेनिंगला गेलेला असताना धोंडाबाईचं तान्हं पोर होळीच्या मुक्कामातच तापानं गेलं. श्रीरंगच्या वडिलांनी वाडीच्या कडेला, बांधाखाली त्याला पुरायला जागा दिली. श्रीरंगला हे परत आल्यावर कळलं. वाईट वाटलं, आणि मग नवी नोकरी, नवं लग्न, यांत ते मागं पडलं. धनगर मात्र येत राहिले. शेतं आखडत गेली, बंगले उठत गेले, तरी येत राहिले.

त्यांच्या शेवटच्या सालची गोष्ट. हायवेवर डंपरनं त्यांचा एक घोडा उडवला. दोन घोड्यांचं ओझं एकावर मावेना. भांडी घेतली, कोंबड्या घेतल्या, आजारी कोकरं घेतली, आणि पडशी राहिली. धोंडाबाई ती घेऊन श्रीरंगभाऊंच्या दारात आली.

"भाऊ, ही ठेव तुझ्यापाशी. फुडल्या साली घोडं घेतलं की नेते."

श्रीरंगभाऊंनी पडशी दोन्ही हातांनी घेतली. ती निघता निघता पुन्हा वळली.

"डाव्या खणाचा आतला कोपरा तेवढा जप, बरं का."

"जपतो," ते म्हणाले.

पुढल्या साली शेतात मातीचा भराव पडला. मेंढरं बसवायची कुठं? धनगर आले नाहीत. त्याच्या पुढल्या सालीही नाहीत. भावाभावांच्या वाटण्या झाल्या, श्रीरंगभाऊ गोखिवऱ्याला राहायला आले. पडशी संगतीनं आली.

आता माणसाचं मन मोठं लबाड. पहिली काही वर्षं श्रीरंगभाऊ ती कपाटात वेगळी ठेवत आणि सांगत, "ही ठेव आहे, माझी नाही." मग ती भिंतीवर आली. मग सांगताना "ठेव" हा शब्द कधी गळाला, ते त्यांनाही कळलं नाही. मनोरमाबाईंनी एकदा टोकलं होतं, "त्या बाईची ना ती?" तर म्हणाले, "ती येईल तेव्हा देईन की. मी काय नाही म्हणतोय?" ती यायची नाही, हे त्यांनी मनात धरलं होतं.

मागच्या हिवाळ्यात लविना डिमेलो म्हणून एक शिक्षिका त्यांच्याकडे आली. नाताळाच्या आधी चर्चच्या हॉलमध्ये जुन्या वसईच्या वस्तूंचं प्रदर्शन भरवायचं होतं. पडश्या बघून तिचे डोळे विस्फारले. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्या खोलीत नाकाला रुमाल न लावता उभं राहिलं होतं. काळ्या-करड्या पडशीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "ही मधोमध लावूया, अंकल. फक्त एक बघा, कसर लागलेली वस्तू आणू नका. एकीची दुसरीला लागते."

कसर, लोकर खाणारी ती बारीक अळी, तर होतीच. वसईच्या दमट हवेत लोकर ठेवायची म्हणजे कसरीला आमंत्रण. श्रीरंगभाऊंनी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं, पडशी उलटी केली आणि चष्मा चढवला. डाव्या खणाचा कोपरा त्यांनी आधी बघितला. बाईनं तेवढंच तर सांगितलं होतं. तिथली वीण कच्ची असणार, म्हणून तर जप म्हणाली, असं ते इतकी वर्षं धरून चालले होते. कोपऱ्यात, अगदी शिवणीत, करंगळीएवढी एक काळी गुंतवळ दिसली. ताठरलेली, तांबड्या दोऱ्यानं आवळलेली, आजूबाजूला कसरीचा भुगा. घोड्याचे केस अडकले असतील, कुणीतरी दोऱ्यानं बांधून तात्पुरतं भागवलं असेल. त्यांनी मनोरमाबाईंची शिवणाची कात्री घेतली आणि ती गुंतवळ मुळापासून कापून काढली. मग जुन्या पडश्यांची लोकर काढून रंगाला रंग जुळवत असा काही रफू केला की त्यांचं त्यांनाच कौतुक वाटलं. बाईनं कोपरा जप म्हणून सांगितलं होतं, आणि तो त्यांनी नव्यासारखा करून ठेवला. वर्तमानपत्राची पुडी सकाळी घंटागाडीत गेली.

प्रदर्शन चांगलं झालं. पडशीखाली पाटी होती, 'श्रीरंग चुरी यांच्या संग्रहातून'. ती वाचून श्रीरंगभाऊंना जे वाटलं, ते एसटीनं निरोपाला दिलेल्या शालीनंसुद्धा वाटलं नव्हतं. लोकांनी मोबाइलवर फोटो काढले, एकमेकांना पाठवले. ते फोटो कुठं कुठं गेले, कुणास ठाऊक.

एक फोटो पारनेरला पोचला.

यंदा दिवाळी झाली आणि आठवड्याभरानं बेल वाजली. दारात नऊवारीतली एक बाई, पन्नाशीच्या पुढची, रापलेली. मागं पँट-शर्टातला एक तरणा गडी.

"श्रीरंगभाऊंचं घर हेच ना? मी ठकू. धोंडाबाईची. हा माझा भाचा, संग्राम. यानंच फोटो दाखविला मोबाइलावर."

श्रीरंगभाऊंची नजर आधी भिंतीवरच्या पडशीकडे गेली, पण तोंडानं ते म्हणाले, "ये ये, ठकू. केवढी होतीस गं." मनोरमाबाईंनी पाणी आणलं, चहा ठेवला.

ठकूनं आडवळण घेतलं नाही. आई अजून होती. डोळे गेले होते, अंथरुणाला टेकली होती. दर दिवाळीला पडशी मागायची, आणि यंदा तर तिनं अन्नावरची वासनाच सोडली होती. एकच घोका लावला होता, पडशी आणा, मग मी जाते.

"संग्राम म्हनला, फोटोखाली तुमचं नाव हाये. मला तर लई बरं वाटलं. म्हनलं, भाऊंनी जपलीय."

'संग्रहातून' हा शब्द तिनं वाचला असेल की नाही, या विचारानं श्रीरंगभाऊ चहाच्या कपात बघत राहिले. पडशी हातची जाणार, याचं दुःख त्यांना झालं, ते खोटं कशाला सांगायचं? पण देणं भाग होतं आणि देताना मान ताठ ठेवता येणार होती. त्यांनी स्टुलावर चढून स्वतः पडशी उतरवली, झटकली, ठकूच्या मांडीवर ठेवली.

ठकूनं तिच्यावरून हात फिरवला. मग डावा खण उघडला आणि हात आत घातला, कोपरापर्यंत. हात आत चाचपत राहिला. तिनं खण उलटा केला, उजेडाकडे धरला.

"भाऊ, हितलं कुठं गेलं?"

"कुठलं?"

"हितं कोपऱ्यात व्हतं ते."

"अगं, तिथं कसर लागली होती. मी साफ करून रफू केला. बघ, कळतसुद्धा नाही," श्रीरंगभाऊ म्हणाले. म्हणतानाच त्यांचा आवाज बसत गेला, कारण ठकूचं तोंड त्यांना दिसत होतं.

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं खण मांडीवर सपाट केला आणि त्या रफूवर बोट ठेवून हळूहळू सांगितलं.

"आमचा धाकला तुमच्या वाडीत गेला ना, त्याला पुरायच्या आदी आईनं त्याच्या केसाची बट काडली. तांबड्या दोऱ्यानं बांदली आन् हितं इनून टाकली. मी बसले व्हते शेजारी. आमी काय, आज हितं, उद्या तितं. पोराला एकट्याला मागं ठिवून जायचं कसं? म्हनून मंग तो बी घोड्यावर. जितं आमी, तितं तो. मुक्काम पडला की आई पयलं खणात हात घालायची. पोहोचलं का रे, म्हनायची."

मनोरमाबाई उठून आत गेल्या. शिवणाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग कपाटाचा खण, मग पलंग सरकवल्याचा. बाई काय शोधत होत्या, ते श्रीरंगभाऊंना कळत होतं. आणि ते तिथं नाही, हे बाईंनाही ठाऊक होतं. तरी त्या बराच वेळ शोधत राहिल्या.

"कापलेलं कुठं टाकलंत?" संग्रामनं विचारलं.

"घंटागाडीत गेलं," श्रीरंगभाऊ म्हणाले. "वर्ष होईल आता."

मग त्यांना काय झालं कोण जाणे, ते एकदम घाईनं बोलायला लागले. ठकू, तू यातली कुठलीही ने. सगळ्या ने. ही लमाणांची बघ, ही कच्छची बघ, अशी आता मिळत नाही. भिंतीवरून एकेक उतरवून त्यांनी तिच्यापुढं ढीग घातला. जन्मभर ज्यांना कुणाचा हात जोरात लागू दिला नव्हता, त्या पडश्या ते फरशीवर टाकत होते.

"आमाला काय करायच्या, भाऊ?" ठकू म्हणाली. "घोडी बी ऱ्हायली न्हाईत आता. मेंढरं टेम्पोतनं जात्यात."

"मग मी तसंच करून देतो. काळी लोकर आहे माझ्याकडे, अगदी मऊ. तांबडा दोरा बांधतो. जिथल्या तिथं बसवतो. आईला दिसत नाही ना आता."

ठकूनं पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं. तिला त्यांची दया आली असावी.

"तिचं डोळं गेल्यात, भाऊ. बोटं न्हाई गेली."

ठकूनं पडशीची घडी घातली. जाताना तिनं एकच मागितलं, धाकल्याची जागा तेवढी दाखवा, म्हणजे तिथली चिमूटभर माती नेते.

रिक्षा करून तिघं होळीला गेले. श्रीरंगभाऊंना जागा ठाऊक होती. रहाटाच्या विहिरीपासून बांध धरून चालायचं, शेवटच्या फणसाखाली. फणस नव्हता. बांध नव्हता. वाडीचा तो तुकडा कधीच विकला गेला होता आणि तिथं एक तांबडा बंगला उभा होता. श्रीरंगभाऊंनी विहिरीवरून अंदाज बांधला, पुढं मागं झाले, पुन्हा विहिरीकडे बघितलं. जागा निघाली ती बंगल्याच्या फाटकाच्या आत, गाडी लावायच्या फरशीखाली. वर पांढरी गाडी उभी होती. गाडी धुणाऱ्या बाईनं विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोणी नाही," श्रीरंगभाऊ म्हणाले.

ठकू फाटकाच्या गजातून थोडा वेळ बघत राहिली. मग रस्त्याच्या कडेची, फाटकाबाहेरची, चिमूटभर माती तिनं पदराच्या टोकाला बांधली. ती बांधाची नव्हती. भरावाची होती, कुठल्या तरी डोंगराची, डंपरनं आणून टाकलेली. श्रीरंगभाऊंना ते दिसत होतं. त्यांनी ते सांगितलं नाही.

ती दोघं त्याच दिवशी निघून गेली. श्रीरंगभाऊ घरी आले तेव्हा फरशीवरचा ढीग तसाच होता. मनोरमाबाईंनी तो उचलला नव्हता आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नव्हता. एरवी बाई अशी संधी सोडणाऱ्या नव्हेत. नवऱ्याला चार शब्द सुनावायची त्यांची हौस आयुष्यात पहिल्यांदा आटली होती. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला काय माहीत होतं?"

"मला सांगितलं होतं तिनं," श्रीरंगभाऊ म्हणाले. "कोपरा जप म्हणून सांगितलं होतं."

पुढचे दिवस त्यांनी फोनकडे बघत काढले. म्हातारीचा हात खणात गेला असेल. बोट रफूवर थांबलं असेल. पुढचं त्यांना नजरेपुढं आणवत नव्हतं. आपण होऊन फोन करायचा धीर होत नव्हता, आणि तिकडून यावा असंही वाटत नव्हतं, येऊ नये असंही वाटत नव्हतं.

फोन आला तो एका सकाळी. ठकू होती. मागं बकऱ्यांचा आवाज येत होता.

"भाऊ, आदी माझं ऐका. आईनं हात घातला, आन् तिला लगी कळलं. म्हनली, पोर कुठं हाये? मला काय बी सुचंना. मी म्हनलं, भाऊंनी त्याला काडून घेतलंय, कसर लागू नये म्हनून. येगळं जपून ठेवलंय घरात. दुसरं काय सांगू? ती जेवलीय कालपासनं. आता तिला तुमच्याशी बोलायचंय."

"ठकू, थांब," श्रीरंगभाऊ म्हणाले, पण फोन म्हातारीच्या कानाला गेला होता. आधी नुसता श्वास आला.

"भाऊ?"

"बोल, आई." ती त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनीच मोठी असेल. तरी आई हाच शब्द तोंडात आला.

"बरं केलंस. कसरीनं खाल्लं असतं रं. आता माझ्याकडं आनू नकोस, मी किती दिसाची? तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे. बरं हाये ना?"

श्रीरंगभाऊंना खरं सांगायचं होतं. शब्द ओठापर्यंत आले होते. पण पलीकडे एक म्हातारी कित्येक दिवसांनी जेवली होती, आणि तिच्या उशाशी बसलेली लेक श्वास रोखून ऐकत होती.

"बरं आहे," ते म्हणाले.

"थंडीचं उघडं ठिवू नकोस."

"नाही ठेवत."

त्यांना वाटलं, सुटलो. एकदाचं खोटं, ते पचवू. पण सोमवारी पुन्हा फोन आला. मग गुरुवारी. जी बाई आता जाते, मग जाते, करत होती, ती आता उठून बसायला लागली होती, भाकरी मागत होती, आणि भाकरी झाली की लेकीला म्हणत होती, भाऊला लाव. श्रीरंगभाऊ त्या वेळी घराबाहेर पडून बघत. पण मग फोन मनोरमाबाईंना घ्यावा लागे, आणि नवरा परत आला की त्या तिकडे पुन्हा फोन लावून त्याच्या हातात देत.

पडश्या त्यांनी पुन्हा भिंतीवर लावल्या नाहीत. लविनानं यंदाच्या प्रदर्शनाचं विचारलं, तर म्हणाले, तूच घेऊन जा, ठेव शाळेत कुठंतरी. काळ्या-करड्या पडशीचा खिळा मात्र त्यांनी भिंतीतून काढला नाही. सकाळी चहा घेताना ते त्याच्यासमोर बसत.

तिथंच बसले होते, तेव्हा परवा फोन वाजला. म्हातारीचा आवाज आता चांगला खणखणीत लागत होता. पाऊसपाणी विचारलं, मनोरमेचे गुडघे विचारले. मग आवाज खाली आणून, शेजारच्या खोलीत कुणी असल्यासारखं, तिनं विचारलं,

"काय करतंय?"

श्रीरंगभाऊंनी खिळ्याकडे बघितलं. आत मनोरमाबाईंचा मिक्सर चालू होता.

"झोपलंय," ते म्हणाले.

मनोरमाबाईंनी मिक्सर बंद केला.